प्रकाश आणि अनुसरण : मराठी ख्रिस्ती लेखनातील एका रूपकाचा विचार

१

मराठीतील ख्रिस्ती लेखनाचा विचार करताना आपल्या समीक्षेने एक सोयीचे सूत्र दीर्घकाळ वापरले आहे. आशय परका, अभिव्यक्ती देशी, असे हे सूत्र. फादर थॉमस स्टीफन्स यांची ओवी किंवा रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा अभंग समोर आला की ते लावले जाते. त्याने कवीचा गौरव होतो, परंपरेचे औदार्य सिद्ध होते आणि विवेचन तेथेच थांबते. या सूत्रामागे भाषेविषयीची एक भाबडी कल्पना आहे. शब्द हे भांडे आणि अर्थ हे त्यात ओतावयाचे द्रव्य, अशी ती कल्पना होय. प्रत्यक्षात कोणतेही रूपक रिकामे नसते. ज्या परंपरेत ते वाढले तिचे तर्कशास्त्र त्याच्या अंगी मुरलेले असते, आणि नव्या संहितेत आल्यावरही ते जुन्या सवयीने अर्थाला वळण लावू पाहते. तेव्हा ‘देशी अभिव्यक्तीत परका आशय आला’ एवढे नोंदवून भागत नाही. त्या भेटीत रूपकाचे काय झाले आणि आशयाचे काय झाले, हा खरा समीक्षेचा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न प्रकाशाच्या रूपकापुरता मर्यादित ठेवला आहे. ख्रिस्ती श्रद्धेत दिव्य प्रकाशाचे स्थान मध्यवर्ती आहे, हे सर्वपरिचित आहे. मात्र त्या प्रकाशाचा अर्थ ‘ज्ञान’ या एका शब्दाने पुरा होतो, असे आपण सहसा गृहीत धरतो. या गृहीताला कारण आहे. मराठीत प्रकाशाच्या दोन प्रबळ परंपरा आधीपासून नांदत होत्या: एक संतवाङ्मयातील आत्मज्ञानाची, दुसरी एकोणिसाव्या शतकातील प्रबोधनाची. दोन्हींत प्रकाश म्हणजे ज्ञान आणि अंधार म्हणजे अज्ञान, हे समीकरण स्थिर झालेले होते. ख्रिस्ती संहितेतील प्रकाश मात्र अनुसरणाच्या क्रियेशी बांधलेला आहे. तो पाहण्यापेक्षा चालण्याची मागणी अधिक करतो. मराठीत येताना हे चालणे कोठे हरवले, कोठे टिकले आणि कोठे नव्याने सापडले, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम मूळ संहितेकडे वळावयास हवे. बायबलच्या आरंभीच, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात, प्रकाश पहिल्या दिवशी निर्माण होतो. सूर्य आणि चंद्र चौथ्या दिवशी. म्हणजे या परंपरेत सूर्य हा प्रकाशाचा उगम मानलेला नाही. देवाच्या शब्दाने प्रकाश होतो आणि सूर्य ही त्याची नंतरची, नेमून दिलेली ज्योत ठरते. आपल्या कवितेत दिव्यत्व आणि सूर्य यांची जी जवळजवळ अभेद्य सांगड आहे ती येथे नाही. प्रकाशाचे नाते शब्दाशी, आज्ञेशी आणि पर्यायाने प्रतिसादाशी आहे.

योहानकृत शुभवर्तमानाची प्रस्तावना हाच धागा उचलते. तेथे आदिशब्दात जीवन आहे आणि ते जीवन मनुष्यांचा प्रकाश आहे, असे प्रतिपादन येते. त्यानंतर लगेच बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा उल्लेख येतो आणि तो स्वतः प्रकाश नव्हता, प्रकाशाविषयी साक्ष देण्यास आला होता, अशी काळजीपूर्वक नोंद होते. ही नोंद वरवर पाहता किरकोळ वाटेल. पण शिष्यत्वाचा सगळा घाट तीत आहे. प्रकाश एकाचा आहे, इतरांनी त्याची साक्ष द्यावयाची आहे. प्रकाश आणि त्याचा वाहक यांतील हे अंतर योहानाची संहिता कधीही पुसून टाकत नाही.

आठव्या अध्यायात येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणवतो, तो मंडपांच्या सणाच्या संदर्भात. या सणात यरुशलेमच्या मंदिराच्या अंगणात रात्री मोठे दीप उजळले जात. सार्वजनिक, उत्सवी प्रकाशाच्या त्या पार्श्वभूमीवर हा दावा येतो, आणि त्याच वाक्यात अट येते: जो मागे येईल तो अंधारात चालणार नाही. ‘मागे येणे’ यासाठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे ते ‘अकोलुथेओ’. शिष्यांना पाचारण करताना शुभवर्तमानकार वापरतात तेच. समजून घेणारा किंवा दर्शन घेणारा असा या वाक्याचा कर्ता नाही. मागे चालणारा हाच त्याचा कर्ता आहे. येथील प्रकाश चालणाऱ्याच्या पुढे सरकणाऱ्या कंदिलासारखा आहे. थांबणाऱ्याला तो मिळत नाही.

नवव्या अध्यायातील जन्मांधाची कथा हे या विधानाचे कथनरूप भाष्य आहे. त्याच्या डोळ्यांना चिखल लावला जातो आणि शिलोह तळ्यावर जाऊन धुण्यास सांगितले जाते. तो आंधळाच असताना जातो आणि पाहता होऊन परततो. म्हणजे चालणे आधी, दिसणे नंतर. पुढे त्याची उलटतपासणी होते. प्रत्येक प्रश्नागणिक त्याचे उत्तर बदलत जाते. आधी तो बरे करणाऱ्याला येशू नावाचा एक मनुष्य म्हणतो, मग संदेष्टा, मग देवापासून आलेला. आणि शेवटी त्याच्या पाया पडतो. त्याची दृष्टी साक्ष देता देता वाढते. त्याचे आईबाप मात्र सभास्थानातून घालवले जाण्याच्या भीतीने उत्तर टाळतात. तो स्वतः घालवला जातो. आपल्या भाषेत सांगावयाचे तर तो वाळीत पडतो. प्रकाश मिळाल्याची ही किंमत आहे, आणि ती कथेला अनुषंगाने जोडलेली नाही. ती कथेचा कणा आहे.

या अध्यायाचा शेवट तर समीक्षकाने विशेष लक्षात ठेवावा असा आहे. आम्हीही आंधळे आहोत काय, असे परूशी विचारतात. आणि त्यांना जे उत्तर मिळते त्याचा आशय असा की ‘आम्हांला दिसते’ या दाव्यातच त्यांचा दोष टिकून आहे. प्रकाशाचे हे रूपक स्वतःवरच मर्यादा घालते. प्रकाश आपल्या मालकीचा आहे असे म्हणणाऱ्याला ते आंधळ्यांच्या बाजूला उभे करते. योहानाचे पहिले पत्र हीच मर्यादा नैतिक भाषेत सांगते: प्रकाशात आहे असे म्हणणारा जर भावाचा द्वेष करीत असेल, तर तो अद्याप अंधारातच चालत आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात मात्र शिष्यांनाच जगाचा प्रकाश म्हटले आहे. येथे वरवर विसंगती दिसते. पण तेथेही दिवा मापाखाली न ठेवता दिवठणीवर ठेवावा, तो घरातील सर्वांना दिसावा, आणि सत्कृत्ये पाहून लोकांनी स्तुती करावी ती स्वर्गीय पित्याची, असा क्रम आहे. दिव्याची स्तुती होत नाही. शिष्याच्या प्रकाशाचे लक्षण कृती हे आहे, आणि ती कृती उघड्यावर घडणारी आहे. जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बोनहॉफर यांनी १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अनुसरणविषयक ग्रंथात या उताऱ्यावर लिहिताना ‘दिसणारा समुदाय’ ही कल्पना पुढे आणली, ती याच कारणाने. नाझी राजवटीत अदृश्य, अंतर्गत श्रद्धेच्या आड लपणे किती सोपे आहे, हे ते पाहत होते. एप्रिल १९४५ मध्ये त्यांना फाशी देण्यात आले.

एवढ्या विवेचनातून ख्रिस्ती प्रकाशाची तीन लक्षणे हाती येतात. तो अनुसरणाच्या क्रियेतून प्राप्त होतो. तो वाहकाच्या मालकीचा होत नाही. आणि तो उघडा पाडतो, म्हणजे ज्याच्यावर पडतो त्याला समाजासमोर उभे करतो. मराठी लेखनाकडे वळताना ही तीन लक्षणे आपल्या हाती असावीत.

३

मराठीने या प्रकाशासाठी कोणती भूमी तयार ठेवली होती? ‘ज्ञानेश्वरी’च्या सोळाव्या अध्यायाचा आरंभ आठवावा. सद्गुरूला तेथे सूर्य म्हटले आहे. पण हा सूर्य विलक्षण आहे. त्याच्या उदयाने विश्वाचा आभास मावळतो. लौकिक सूर्य उगवला की जग दिसू लागते, हा सूर्य उगवला की जग म्हणून जे दिसत होते ते नाहीसे होते. विरोधाभासावर उभी असलेली ही प्रतिमा अद्वैताच्या तर्काशी पूर्ण इमानी आहे. योहानाचा प्रकाश याच्या नेमका उलट दिशेने जातो. तो जगात येतो. जग त्याच्याद्वारे झालेले आहे, त्याला ओळखत नाही, तरीही ते मावळत नाही. एका प्रकाशात जगाचा निरास आहे, तर दुसऱ्यात जगाचा न्याय आणि तारण आहे. दोन्ही ठिकाणी ‘प्रकाश’ हा एकच शब्द असला तरी व्याकरण वेगळे आहे.

हा भेद ताणून संतपरंपरा जगाकडे पाठ फिरवणारी होती, असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. त्याच ग्रंथाच्या शेवटी पसायदानात ज्ञानदेव दुरिताचा अंधार जावा आणि विश्वाने स्वधर्माच्या सूर्याने पाहावे, असे मागतात. तेथे जग मावळत नाही, उजळते. सोळाव्या अध्यायाचा सूर्य आणि पसायदानाचा सूर्य यांत एक फलदायी ताण आहे, आणि मराठी भक्तिकाव्य त्या ताणावरच जगले आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ‘चालणे’ ही धार्मिक क्रिया म्हणून मराठीला परकी नव्हती. वारी म्हणजे दुसरे काय? मात्र आपल्या परंपरेत प्रकाशाची प्रतिमासृष्टी प्राधान्याने ज्ञानाच्या प्रांतात वाढली आणि चालण्याची भक्तीच्या प्रांतात. प्रकाश गुरूच्या दारी, चालणे पंढरीच्या वाटेवर. ख्रिस्ती संहिता ‘प्रकाशात चालणे’ असा जो संयोग करते तो मराठी वाचकाला म्हणूनच एकाच वेळी ओळखीचा आणि अनोळखी वाटतो. त्यातील दोन्ही शब्द त्याचे आहेत. त्यांची जोडणी नवी आहे.

‘शिष्य’ या शब्दाचेही असेच आहे. गुरुपरंपरेत एका दिव्याने दुसरा दिवा लागतो आणि लागलेला दिवा पहिल्याइतकाच पूर्ण असतो. शिष्य काळाने गुरू होतो. शुभवर्तमानातील शिष्य गुरू होत नाही. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात शिष्यांना गुरू म्हणवून घेण्याची मनाईच आहे. अनुसरण तेथे आयुष्यभर अनुसरणच राहते. मराठीत ‘शिष्य’ म्हटले की हा भेद आपोआप उमटत नाही. तो लेखकाला कमवावा लागतो.

४

फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या काव्याचे पहिले पुराण सृष्टीच्या निर्मितीपासून ख्रिस्ताच्या प्रतीक्षेपर्यंत येते आणि दुसरे ख्रिस्तचरित्र सांगते. त्याच्या भाषावैभवाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे प्रश्न आहे तो रूपबंधाचा.

पुराण हा श्रवणाचा रूपबंध आहे. वक्ता आहे, श्रोते आहेत, शंका आहे, निरसन आहे, आणि ऐकल्याचे पुण्य आहे. त्यातील दिव्य तेज कथानायकाभोवती असते. श्रोता त्याच्या प्रभेत बसलेला असतो. स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द स्वीकारला, तेव्हा त्या शब्दाबरोबर राजवैभवाची आणि तेजाची एक संपूर्ण दुनिया आत आली. ही निवड कवी म्हणून त्यांच्या धैर्याची साक्ष आहे. पण तिचा परिणाम असा की प्रकाशाचा कल ऐश्वर्याकडे झुकतो. गव्हाणीतील बालक आणि वधस्तंभावरील देह यांना पुराणाच्या तेजोमय अवकाशात आपली निराधारता टिकवून धरण्यास झगडावे लागते.

आणखी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. हे काव्य ज्या साष्टीत घडले तेथे पोर्तुगीज सत्तेने मंदिरे पाडली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय मारले गेले आणि त्याची जबर किंमत गावाने मोजली. नवख्रिस्ती श्रोत्यांना जुनी पुराणे निषिद्ध झाली होती, आणि त्यांची जागा भरून काढावी हा या रचनेचा उघड हेतू होता. येथे प्रकाश आणि सत्ता एकाच दारातून आत येतात. जो प्रकाश मूळ संहितेत वाळीत टाकलेल्याच्या बाजूने उभा आहे, तो येथे राज्यकर्त्यांच्या बाजूने येतो. स्टीफन्स यांचे मोठेपण असे की ओवीच्या प्रेमातून, श्रोत्यांच्या भाषेविषयीच्या खऱ्या आदरातून, ते या विसंगतीची धार काहीशी बोथट करतात. ती नाहीशी करणे त्यांच्या हाती नव्हते. ‘आशय परका, अभिव्यक्ती देशी’ या सूत्राला हा सगळा ताण दिसतच नाही.

५

एकोणिसाव्या शतकात आपण वेगळ्याच उजेडात येतो. या शतकातील मराठी नियतकालिकांची नावे नुसती वाचावीत: ‘प्रभाकर’ (१८४१), ‘ज्ञानोदय’ (१८४२), ‘ज्ञानप्रकाश’ (१८४९). भाऊ महाजनांचे पत्र, अहमदनगरचे अमेरिकन मराठी मिशनचे पत्र आणि पुण्याचे वृत्तपत्र यांच्या भूमिका भिन्न होत्या. पण रूपक एकच. प्रकाश म्हणजे नवे ज्ञान आणि अंधार म्हणजे रूढी. मिशनरी आणि सुधारक येथे एकाच प्रतिमेने बोलतात. वादविवादात दोघेही तिचा वापर समोरच्याला अंधारात उभे करण्यासाठी करतात.

ख्रिस्ती लेखनाच्या दृष्टीने ही तडजोड महागात पडली, असे माझे मत आहे. प्रबोधनाचा प्रकाश हा मालकीचा प्रकाश आहे: आमच्याजवळ आहे, तुमच्याजवळ नाही, आम्ही देतो, तुम्ही घ्या. ‘आम्हांला दिसते’ या ज्या दाव्याविषयी योहानाची संहिता इतकी कठोर आहे, त्याच दाव्यावर मिशनरी वादलेखनाचा बराचसा भाग उभा आहे. हिंदू धर्माचे खंडन करणाऱ्या पुस्तिकांवर आपण सहसा परधर्मनिंदेचा आक्षेप घेतो. साहित्यसमीक्षेच्या अंगाने याहून मूलगामी आक्षेप घेता येतो. ज्या रूपकाच्या बळावर हे लेखन बोलते, त्या रूपकाचेच व्याकरण ते मोडते.

या पार्श्वभूमीवर बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे लेखन अधिक गुंतागुंतीचे आहे. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीत त्यांनी विधवांची दुःखे उघड्यावर आणली. या कादंबरीत प्रवास आहे, चालणे आहे. नायिका वाटेत एकेक विधवा पाहत जाते आणि पाहता पाहता स्वतः त्या दुःखात ओढली जाते. कादंबरीतील उपदेश प्रबोधनाच्या प्रकाशाचा आहे, पण तिची रचना अनुसरणाच्या प्रकाशाजवळ जाते. पाहणारा येथे सुरक्षित राहत नाही.

त्यांचे आत्मचरित्र १८८८ साली प्रसिद्ध झाले, बाप्तिस्म्यानंतर चौतीस वर्षांनी. त्याला त्यांनी ‘अरुणोदय’ हे नाव दिले. या नावाची जेवढी दखल घ्यावयास हवी तेवढी घेतली गेलेली नाही. अरुण हा सूर्य नव्हे. तो सूर्याचा सारथी, सूर्याआधी येणारा. आपल्या धर्मांतराच्या कथेला सूर्योदय न म्हणता अरुणोदय म्हणणे यात साक्षीदाराचा विनय आहे. बाप्तिस्मा करणारा योहान जसा प्रकाश नव्हता, प्रकाशाआधी आला होता, तसेच हे आत्मकथन स्वतःकडे साक्षीची जागा घेते. शिवाय या नावात काळाची एक विशिष्ट जाणीव आहे. दिमिष्काच्या वाटेवर पौलाला जो प्रकाश भेटला तो भर दुपारी, आकाशातून कोसळल्यासारखा, आणि त्याने डोळे गेले. पदमनजींचा प्रकाश हळूहळू फाकणारा आहे. शाळा, पुस्तके, मित्र, वाद, संशय अशा पायऱ्यांनी तो येतो. पौराणिक सारथ्याचे नाव घेऊन त्यांनी ख्रिस्ती साक्षीची कल्पना सांगितली. देशी रूपकाचे तर्कशास्त्र आणि ख्रिस्ती आशयाचे तर्कशास्त्र येथे एकमेकांना खरोखर भेटतात.

पदमनजींचा परमहंस सभेशी आलेला संबंधही या दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो. दादोबा पांडुरंग यांच्या पुढाकाराने मुंबईत १८४९ मध्ये स्थापन झालेली ही सभा जातिभेद मोडण्यासाठी होती. पण तिचे सहभोजन बंद दाराआड चाले. १८६०च्या सुमारास सभासदांची नावे उघड होण्याचा प्रसंग येताच ती विस्कटली. हे दिवा पेटवून मापाखाली ठेवणे होते. या सभेच्या सदस्यांना ज्ञानाची वाण नव्हती. त्यांना सर्व काही दिसत होते. अडले ते दिसल्याप्रमाणे उघड्यावर चालण्यापाशी. येशूकडे रात्री गुपचूप येणारा निकदेम आणि परमहंस सभेचा सभासद यांच्यात फार अंतर नाही. पदमनजींनी १८५४ मध्ये बेळगावात उघडपणे बाप्तिस्मा घेतला, याचे महत्त्व धर्मांतर योग्य की अयोग्य या वादापलीकडचे आहे. प्रकाशाची ज्ञानाकडून अनुसरणाकडे होणारी ती वाटचाल आहे.

६

ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांच्या हाती नवा करार आला तो रेल्वेच्या प्रवासात, एका युरोपीय सहप्रवाशाकडून. आणि त्यांना प्रथम जिंकले ते डोंगरावरील प्रवचनाने. दिवा आणि दिवठण यांची प्रतिमा ज्या प्रवचनात आहे तेच हे प्रवचन. म्हणजे टिळकांची ख्रिस्ताशी पहिली गाठ पडली ती आचरणाची मागणी करणाऱ्या गुरूशी. सिद्धान्ताशी गाठ नंतर पडली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका प्रसिद्ध आहे. हा पूल कशाचा होता? समीक्षेने त्याचे उत्तर सामान्यतः ‘भक्तीचा’ असे दिले आहे. वर मांडलेल्या भेदाच्या आधारे ते अधिक नेमके करता येईल. तुकोबांकडून टिळकांना चालण्याचे व्याकरण मिळाले. वारकऱ्याचे चालणे आणि शुभवर्तमानाचा प्रकाश यांची सांधेजोड त्यांनी केली, आणि मराठी ख्रिस्ती प्रकाशाला हरवलेले पाय मिळाले.

याचा पुरावा टिळकांच्या कवितेइतकाच त्यांच्या अखेरच्या निर्णयातही आहे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. सभासदत्वाच्या जागी शिष्यत्व आणणारी ही कल्पना प्रकाशाच्या मालकीलाच नकार देते. मिशनच्या कुंपणाआत प्रकाश आणि बाहेर अंधार, ही एकोणिसाव्या शतकाची विभागणी ती पुसून टाकते. दरबार टिळकांच्या पश्चात फार काळ टिकला नाही. परंतु रूपकाचा इतिहास लिहिताना संस्थेच्या आयुष्यापेक्षा तिने केलेली अर्थाची दुरुस्ती महत्त्वाची.

टिळकांच्या प्रकाशाची दुसरी बाजू मात्र त्यांच्या कवितेत सापडत नाही. ती लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये सापडते. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे सुमारे पाच वर्षे पती-पत्नी वेगळी राहिली. धर्मांतराची कथा बहुधा प्रकाश पावलेला मनुष्य सांगतो. ‘स्मृतिचित्रे’ ही कथा मागे राहिलेल्या व्यक्तीच्या जागेवरून सांगते. ज्याला एकाने प्रकाश म्हटले तो दुसऱ्याच्या घरात काळोख होऊन कसा आला, हे त्या लिहितात; आणि ते तक्रारीचा किंवा आत्मदयेचा सूर न लावता, हसत हसत लिहितात. शिष्यत्वाची किंमत शिष्यच मोजतो, या समजाला या पुस्तकाने दिलेला धक्का आपल्या समीक्षेने अद्याप पुरता पचवलेला नाही.

पतीकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळा ठेवला होता. पुढे एकदा विचार करता करता त्यांना जातिभेद माणसाने केलेला आहे असे उमगले, आणि त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा. हा प्रसंग त्या घरगुती भाषेत सांगतात. त्यात आकाश उघडत नाही, तेज कोसळत नाही. हात पुढे होतो आणि पाणी घेतले जाते. रूपकाच्या अंगाने पाहता येथे प्रकाश हा शब्द जवळजवळ निवृत्त झालेला आहे, आणि तरीही योहानाच्या पत्राने सांगितलेली कसोटी, भावाचा द्वेष न करणे म्हणजे प्रकाशात असणे, ती या पाण्याच्या घोटात पुरेपूर उतरली आहे. जन्मांधाच्या कथेतला क्रमही येथे ओळखता येतो: आधी तळ्याकडे जाणे, मग दिसणे, मग साक्ष.

ही गोष्ट गद्यात घडली, हा योगायोग नव्हे. ओवी आणि अभंग यांना प्रकाशाची शब्दकळा वारशाने मिळालेली होती आणि तिच्याबरोबर तिचा जुना अर्थही. ‘स्मृतिचित्रे’च्या बोलीला असा वारसा नव्हता. त्यामुळे तिला रूपकाशी झगडावे लागले नाही. ती थेट आचरणापर्यंत पोहोचली. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे पूर्ण केले, ही त्यांच्या निष्ठेची गोष्ट आहे. पण मराठी ख्रिस्ती लेखनाला त्यांनी दिलेली मोठी देणगी त्या महाकाव्यात शोधण्यापेक्षा या गद्यात शोधावी, असे मला वाटते.

७

या विवेचनावर एक आक्षेप येऊ शकतो. प्रकाशाला अनुसरणात विरघळवून टाकले तर त्याचे दिव्यत्व उरते काय? ख्रिस्ती धर्माला केवळ नीतीच्या पातळीवर आणण्याचा हा प्रकार नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे. पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेत चौदाव्या शतकात ग्रेगरी पालामास यांनी रूपांतराच्या डोंगरावर शिष्यांना दिसलेला प्रकाश हा अनिर्मित, साक्षात दैवी प्रकाश होता, असा सिद्धान्त हिरिरीने मांडला होता. त्या प्रकाशाचा अनुभव मानवी आचरणात पूर्ण मावत नाही, हे मान्यच केले पाहिजे. तथापि, त्याच रूपांतराच्या कथेत पेत्र डोंगरावर तीन मंडप उभारून तेथेच राहू इच्छितो, आणि त्याची ती इच्छा पुरवली जात नाही. खाली उतरावे लागते. पायथ्याशी एक व्याधिग्रस्त मुलगा आणि त्याचा हताश बाप वाट पाहत असतात. दर्शन खरे आहे, पण ते वस्तीला जागा देत नाही. दिव्यत्व आणि अनुसरण यांतील हे नाते तोडले की एका बाजूस गूढ तेजाचे कौतुक उरते आणि दुसऱ्या बाजूस कोरडा उपदेश. मराठी ख्रिस्ती लेखनातील दुबळ्या कृती या दोहोंपैकी एका बाजूस कलंडलेल्या दिसतात.

म्हणून या लेखनाचे मूल्यमापन करताना त्याने किती देशी शब्द वापरले, एवढे मोजणे अपुरे आहे. त्यातील प्रकाश कोणाच्या मालकीचा आहे, तो कोणाला उघडे पाडतो, आणि तो पाहणाऱ्याला जागेवरून उठवतो की नाही, हे विचारावयास हवे. या कसोटीवर स्टीफन्स यांचे महाकाव्य वैभवशाली पण ताणग्रस्त ठरते. वादपुस्तिका आपल्याच रूपकाशी प्रतारणा करताना दिसतात. ‘अरुणोदय’ हे शीर्षक सखोल अर्थनिर्मितीचे उदाहरण ठरते. आणि ‘स्मृतिचित्रे’ त्या रूपकाची परिणती ठरते. हा क्रम रूढ वाङ्मयेतिहासाच्या क्रमाहून वेगळा आहे. तो पटो वा न पटो, प्रकाश या शब्दापाशी थांबून ‘ही संतपरंपरेची छाया’ अशी नोंद करणे मात्र यापुढे पुरे पडू नये. छाया कोणाची हे सांगून झाल्यावर, त्या प्रकाशात कोण चालले आणि कोठवर चालले, हा प्रश्न शिल्लकच राहतो.